रोलच्या शेपटीतलं आभाळ

वहिनीने वन्संना पहिल्यांदा नीट पाहिलं ते पाठमोरं. लग्न होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. कुठला डबा कुठल्या फळीवर, कुठला नळ कुठल्या बाजूला फिरवायचा, काही कळत नव्हतं. संध्याकाळी वाळलेले कपडे आणायला ती गच्चीवर गेली, तर दोरीवर औषधालाही चिमटा नाही. कपडे नुसतेच टाकलेले आणि वाऱ्याने एका टोकाला गोळा झालेले. कठड्याशी तिच्याकडे पाठ करून मोठी नणंद उभी होती. पदर कमरेला खोचलेला, पायांत दोन वेगवेगळ्या जोडांतल्या चपला, डोळ्याला कॅमेरा.

"ती हिरवी साडी काढ आधी," वन्सं मागे न बघताच म्हणाल्या. "आभाळात येतेय."

साडी नव्या सुनेचीच होती. तिने ती घाईघाईने ओढली, छातीशी धरली आणि जागच्या जागी थांबली. खटका वाजला. वन्संनी मग कुठे वळून पाहिलं आणि हसल्या.

"चिमटे शोधतेस ना? खाली डार्करूममध्ये फिल्मला लावलेत. दोन कोटाला."

"कोटाला?"

"उद्या दुकानात ये, कळेल."

दुसऱ्या दिवशी तिला कळलं. खाली रस्त्याला लागून फोटो स्टुडिओ, वरती दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यावर गच्ची, असं ते घर. स्टुडिओत एक राखाडी पडदा, त्यापुढे फिरतं स्टूल, दोन्ही बाजूंना छत्र्या लावलेले दिवे. भिंतीवर आरसा आणि त्याला सुतळीने बांधलेला कंगवा, कारण न बांधलेले कंगवे गिऱ्हाइकांबरोबर घरी जायचे. खुंटीवर एक काळा कोट. ओळखपत्राच्या फोटोसाठी ज्याला रुबाब हवा त्याने तो चढवायचा. कोट एका धिप्पाड माणसाच्या मापाचा होता. बारीक माणूस आत शिरला की पाठीमागून चिमटे लावून तो आवळायचा आणि पुढून फोटो काढायचा. आसपासच्या चार गल्ल्यांतले निम्मे पुरुष आपापल्या ओळखपत्रांवर त्याच कोटात बसलेले होते.

दुकान सासऱ्यांनी उभं केलेलं. ते गेल्यावर मुलगा आणि मुलगी मिळून चालवत. मुलगा, म्हणजे वहिनीचा नवरा, गल्ल्यावर बसायचा, पावत्या फाडायचा, तयार कॉप्या कातरीने कापायचा. कॅमेऱ्यामागे मात्र वन्सं. त्या लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. का, असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "बघायला आलेल्या प्रत्येकाचा मी फोटो काढला. एकही धड बसेना."

आता ही आभाळाची गोष्ट. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. गिऱ्हाइकाला कॉप्या नेहमी उद्या सकाळीच हव्या, कारण अर्जाची मुदत नेहमी उद्याच संपत असते. म्हणजे रोल आजच धुवायचा. पण संध्याकाळी दुकान आवरताना रोलमध्ये दोन-चार फ्रेमा शिल्लक राहायच्या. घरात त्याला रोलची शेपटी म्हणत. सासरे ती समोरच्या भिंतीवर खटाखट उडवून मोकळे व्हायचे. वन्सं शाळेत असताना एकदा म्हणाल्या, मी उडवू का? सासरे म्हणाले, "भिंतीचा काढ नाहीतर आभाळाचा काढ, फुकटच जायचंय." त्या एका वाक्याच्या परवानगीवर वन्संनी पुढची सगळी वर्षं काढली. दुकानाचं शटर अर्धं खाली आलं की त्या कॅमेरा घेऊन जिना चढायच्या आणि दिवसाची शेपटी मावळतीला दाखवायच्या.

गंमत म्हणजे रोल काळापांढरा. ओळखपत्राला रंग कशाला लागतो?

"वन्सं, सूर्यास्ताचे फोटो काळेपांढरे?" वहिनीला हसू आवरलं नव्हतं. "म्हणजे मिठाई आणायची आणि खोका चाटायचा."

"हसतेस काय? तू कशाला आहेस मग? सांग बघू, हा रंग कसला?"

वहिनीने आभाळाकडे पाहिलं. असा प्रश्न तिला कोणी कधी विचारला नव्हता. "कापून ठेवलेला भोपळा," ती म्हणाली. "आतल्या बाजूचा. बियांजवळचा."

वन्संनी कॅमेरा खाली घेतला आणि तिच्याकडे टक लावून पाहिलं. "बियांजवळचा," त्या हळूच म्हणाल्या.

तेव्हापासून तो नेम पडला. वन्संनी खटका दाबायचा आणि वहिनीने रंग सांगायचा. गंजलेला तवा. शाई सांडलेला टीपकागद. ताप आलेल्या बाळाचा गाल. पुढे कधी वन्सं डब्यातून एखादी जुनी पट्टी काढून दिव्यापुढे धरायच्या आणि म्हणायच्या, "हा तुझा टीपकागद." वहिनीला खरोखर त्या राखाडी तुकड्यात निळा दिसायचा. नवरा जिन्यात उभा राहून ओरडायचा, "अहो आभाळवाल्या, खाली पोटं आहेत, त्यांचं बघा!" दोघी खुसखुसत खाली यायच्या. नणंद-भावजय इतक्या हसतात हे शेजारणींना फारसं पटत नसे.

दोन वर्षांनी वहिनीची आई आली. निवृत्तिवेतनाच्या कार्डासाठी तिला फोटो हवा होता. बरोबर पिशवीभर लिंबं. फोटो म्हटलं की ही बाई पळ काढायची. वहिनीच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत आई अशी नव्हतीच. कुठे पाठ, कुठे कोपर, कुठे कुणाच्या तरी डोक्यामागून आलेला नुसता अंबाडा.

वन्संनी तिला स्टुलावर बसवलं. "आई, हनुवटी जरा वर."

"वर केली की गळा दिसतो. तोंडाचं वय लपवता येतं, गळ्याचं नाही."

"बरं, मग नका करू. आता बोलू नका."

"बोलू नका म्हटलं की मला बोलायलाच येतं, त्याला मी काय करू?"

वन्सं हसल्या, आई हसली, तेवढ्यात खटका वाजला. एका माणसाला एक फ्रेम, हा सासऱ्यांच्या वेळचा नियम. ती रोलची शेवटची फ्रेम होती. त्या दिवशी शेपटी उरली नव्हती.

त्याच वेळी वरून हाक आली. दुपारी धुळीची वावटळ येऊन गेली होती आणि आता सगळं पश्चिमेचं आभाळ पेटलं होतं. "वन्सं, लवकर या, आभाळ बघा काय झालंय! धावा, जाईल!" वहिनी जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडत होती.

वन्सं कॅमेऱ्यासकट धावल्या. वर आल्यावर त्यांना आठवलं की रोल संपलाय. पण कधीकधी छत्तीसच्या पुढे एखादी जास्तीची फ्रेम निघते, हे प्रत्येक स्टुडिओवाल्याला माहीत असतं आणि प्रत्येकाला तिचा लोभ असतो. त्यांनी फिल्म पुढे सरकवायची कळ ओढली. ती अर्ध्यात अडखळली, मग थोडी सरकली. आली, असं त्यांना वाटलं. त्यांनी गच्च्यांच्या काळ्या रांगेवरचं ते आभाळ टिपलं. वहिनीने रंगही सांगितला. मग आईला बसवर सोडायला दोघी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं जिन्याखालच्या डार्करूममधून बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा हाताला हायपोचा, फिल्म धुवायच्या औषधाचा, वास आणि चेहरा उतरलेला.

"अगं, आईंचा फोटो गेला. फिल्म पुढे सरकलीच नव्हती नीट. आभाळ त्यांच्यावरच पडलं."

"एवढंच ना?" वहिनी पीठ मळत होती. "घाबरले ना मी. पुढच्या वेळी येईल तेव्हा काढू. तेवढीच सुटली म्हणून खूश होईल ती."

पुढची वेळ आलीच नाही. थंडी सरायच्या आत, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन आई गेली.

माहेरून परत आली त्या संध्याकाळी वहिनी थेट दुकानात उतरली. वन्सं कोटावरची धूळ झटकत होत्या.

"वन्सं, ती फिल्म कुठेय?"

वन्संनी क्षणभर कोट तसाच धरला. "टाकली गं."

"आभाळ तर रोज येतं," वहिनी म्हणाली. "माझी आई एकदाच आली होती."

 वन्संनी कोट खुंटीला लावला, पुन्हा काढला, पुन्हा लावला.

घरात त्यावरून भांडण झालं नाही. वहिनीला मुलगा झाला तेव्हा वन्सं रात्रंदिवस तिच्या उशाशी होत्या. वन्संचा हात मोडला तेव्हा वहिनीने त्यांची वेणी घातली. एका चुलीवर दोघींचं सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त वहिनी दोरीवरचे कपडे आता दुपारीच आणू लागली. संध्याकाळी जिन्यात वन्संच्या चपला वाजल्या की ती मनात म्हणायची, चालल्या, आभाळ लुटायला. वन्संनीही तिला पुन्हा कधी, ये, रंग सांग, असं म्हटलं नाही. आईचा चेहरा वहिनीच्या मनात वर्षागणिक पुसट होत गेला. आधी भुवया गेल्या, मग नाक. एकदा मुलाने विचारलं, "आई, आजी कशी दिसायची?" तेव्हा ती नुसतीच म्हणाली, "माझ्यासारखी." आणि ते खरं नव्हतं.

असं करता करता मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला. रंगीत रोल आले आणि गेले. मग लोक खिशातल्या फोननेच आपापले फोटो काढू लागले. स्टुलावर धूळ बसू लागली. शेवटी नवऱ्याने ठरवलं की दुकान औषधवाल्याला भाड्याने द्यायचं.

"ताई, तुझे ते डबेही काढायला हवेत," तो वन्संना म्हणाला. डार्करूमच्या माळ्यावर बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते, शेपट्यांच्या पट्ट्यांनी भरलेले. "भंगारवाला जुनी फिल्म घेतो म्हणे."

"देऊन टाक," वन्सं म्हणाल्या आणि वरती निघून गेल्या.

डबे वहिनीने खाली उतरवले. द्यायच्या आधी निदान काय आहे ते बघावं, म्हणून ती खिडकीपाशी बसली आणि एक पट्टी उजेडासमोर धरली. मधे काळं, कडेला पांढरं, सगळं उलटं. थोड्या वेळाने डोळे सरावले. कोट घातलेला एक माणूस, त्याला लागून आभाळ, आभाळ, आभाळ. दुसरी पट्टी: दोन वेण्यांची मुलगी, मग आभाळ. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की वन्सं शेपटी कापायच्या तेव्हा तिच्यासोबत त्या दिवसाचं शेवटचं गिऱ्हाईकही येत असे. वर्षानुवर्षं प्रत्येक आभाळाशेजारी कोणीतरी एक माणूस बसलेला होता.

एका पट्टीपाशी ती हसली. तोच तो कापलेला भोपळा. आभाळाच्या एका कोपऱ्यात निसटता काठ दिसत होता, तिच्या साडीचा.

डब्याच्या तळाशी एक पट्टी वेगळ्या कागदात गुंडाळलेली निघाली. तिने ती लगेच उघडली नाही. आधी पुढचा डबा घेतला. आणि तिथे तिला काही कळेना. या डब्यात आभाळ नव्हतंच. एक म्हातारा, पुन्हा तोच म्हातारा, पुन्हा तोच. एक बाई, पुन्हा तीच बाई, जरा मान वळवून. पट्टीमागून पट्टी काढली. सगळीकडे माणसं, दोनदा, तीनदा, चारदा. त्याच्या पुढच्या डब्यातही तेच.

"अहो," तिने नवऱ्याला हाक मारली. "या माणसांचे इतके फोटो कशाला काढलेत?"

तो छत्र्या मिटत होता. "ते? ताई शेवटच्या गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा बसवायची की. रोल संपेपर्यंत. लोक वैतागायचे. एकजण म्हणाला होता, काय हो, माझं तोंड एका फोटोत मावत नाही का?"

"आणि आभाळ?"

"आभाळ कुठलं? किती वर्षं झाली. तुझी आई गेली ना, त्या आधीचं ते सगळं." तो थांबला. "तुला माहीत नव्हतं?"

वहिनीने कागदातली पट्टी उघडली. उजेडाला धरली. मग पदराला हात पुसले आणि पुन्हा धरली.

संध्याकाळ झाली होती. कित्येक वर्षांनी त्या वेळी ती गच्चीचा जिना चढली. वन्सं कठड्याशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या, पहिल्या दिवशी होत्या तशाच. फक्त केस पांढरे आणि हात रिकामे.

"कॅमेरा कुठेय तुमचा?"

वन्सं दचकल्या. "खालीच. तो कुठला वर आणते मी."

"मग रोज येऊन करता काय इथे?"

"बघते," वन्सं म्हणाल्या. "बघायला रोल लागत नाही."

वहिनीने पट्टी पुढे केली. वन्संनी ती हातात घेतली नाही. नुसती पाहिली.

"टाकली म्हणाला होतात."

"काय सांगणार होते गं? अर्धा चेहरा आभाळाने खाल्लेला. नुकतीच आई गेलेल्या पोरीच्या हातात कपाळ नसलेली आई कशी देऊ? म्हटलं, पुढे कधीतरी देईन. पुढे कधी म्हणजे कधी, ते जमलं नाही."

"मला बघू तर द्यायची होती."

"हो," वन्सं म्हणाल्या. "द्यायची होती."

 मग वहिनी म्हणाली, "हाक मीच मारली होती. धावा म्हणून. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत ते."

"आभाळ होतंच तसं," वन्सं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी औषधवाल्याचा सुतार माप घ्यायला आला, तर नवऱ्याने त्याला दारातच अडवलं. "आज नाही. आत काम चाललंय." जिन्याखाली लाल दिवा लागला होता. कागदाचं पाकीट जुनं, त्याची मुदत कधीच टळलेली. फोटो धुवायच्या औषधाच्या पुड्या शोधून शोधून पुरत्या झालेल्या. वन्संचे हात थरथरत होते, म्हणून ट्रेमधला कागद वहिनी हलवत होती आणि वन्सं सांगत होत्या, "हळू. पाळणा हलवतात तसं. थांबू नकोस."

पहिला कागद सगळा काळा झाला. दुसरा डागाळला. तिसऱ्यावर पाण्याखालून आधी ओठ वर आले. हसताना बोलायच्या बेतात असलेले. मग हनुवटी. मग तो गळा, ज्याचं वय लपत नाही. वर कपाळाच्या जागी पांढरेफटक ढग होते, कारण फिल्म अर्धीच सरकली होती. पण फोटो उभा काढलेला आणि आभाळ आडवं, म्हणून गच्च्यांची काळी रांग चेहऱ्याच्या एका कडेला उतरली होती. तिथे उजेड पडला नव्हता, म्हणून तिथला चेहरा वाचला होता. त्या काळ्या पट्ट्यात एक भुवई, चष्म्याची एक काच आणि काचेमागे एक डोळा, मिश्कील.

"आई," वहिनी म्हणाली. ओळख देतात तसं.

बाहेरून नवऱ्याने विचारलं, "आलं का काही?"

"गप्प बसा हो!" दोघी एकदमच ओरडल्या.

कागद वाळत घालायला चिमटा शोधला तर डार्करूममध्ये एक नाही. सगळे गच्चीवरच्या दोरीला. वहिनी वर जाऊन दोन घेऊन आली. फोटो लटकवून झाल्यावर वन्सं म्हणाल्या, "त्या दिवशी कसला रंग म्हणाली होतीस? मी विसरले नाही. तुला आठवतंय का, बघायचंय."

"लिंबाने घासलेलं तांब्याचं भांडं," वहिनी म्हणाली. "पहिलं पाणी ओतल्यावरचं."

तो फोटो आता वरच्या खोलीत, दाराशेजारी लावलेला आहे. पाहुणे विचारतात, हे ढगात कोण? वहिनी सांगते. खाली औषधाचं दुकान चांगलं चालतं. जिन्याखालच्या डार्करूममध्ये खोकल्याच्या बाटल्यांची खोकी असतात. पट्ट्यांचे डबे भंगारात गेले नाहीत. कधी कोणी येतं, आमच्या वडिलांचा कोटातला फोटो तुमच्याकडे सापडेल का, म्हणून. काहींचा सापडतो.

भाच्याने वन्संना एक फोन घेऊन दिला आहे. "आत्या, यात हवे तेवढे काढ, रोल संपतच नाही," तो म्हणाला होता. रोल संपत नाही म्हटल्यावर वन्संची पंचाईत झाली. शेपटीच नाही, तर आभाळाच्या वाट्याला किती फ्रेमा द्यायच्या? शेवटी त्यांनी रोज एकच, असं ठरवलं. त्यात रंग आपोआप येतो, तरी त्या वहिनीला रंग विचारतात, आणि फोनमधल्या रंगापेक्षा तिचाच खरा धरतात.

वन्संचे गुडघे आता पार गेले आहेत. दिवसातून जिना एकदाच चढायचा, असं डॉक्टरांनी बजावलंय. तो एकदा वन्सं संध्याकाळसाठी राखून ठेवतात.